तंबोरा निघाला विलायतेला

"आई, तेवढं त्या तंबोऱ्याचं काय करायचं ते एकदा ठरवून टाक," असे चिरंजीव म्हणाले तेव्हा मी माळ्यावरच्या पितळी भांड्यांची मोजदाद करीत होते. शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत व्हायची होती. तोवर दोन-तीन वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची. वाडा सोडताना काय काय बाहेर निघते, हे ज्यांच्यावर ती पाळी आली त्यांनाच ठाऊक! घंगाळे निघाले, पाटा-वरवंटा निघाला, शेवयांचा पाट निघाला, तीन पिढ्यांच्या बारशांना वापरलेला पाळणा निघाला. प्रत्येक वस्तूला कुणी ना कुणी धनी भेटला. घंगाळे नणंदेने नेले, पाळणा तिच्या सुनेने. पाटा-वरवंटा कुणालाच नको होता, तो मीच हट्टाने ठेवून घेतला. राहिला तो सासूबाईंचा तंबोरा.

मळक्या गवसणीत गुंडाळून तो माजघराच्या कोपऱ्यात उभा होता. सासूबाई २००९ साली गेल्या, तेव्हापासून तो तसाच. दिवाळीच्या साफसफाईला गवसणी झटकायची आणि पुन्हा कोपऱ्यात उभा करायचा, एवढाच आमचा संबंध. नव्या जागेत चार फुटांच्या त्या धुडाला कोपरासुद्धा शिल्लक नव्हता.

खरे सांगू का मैत्रिणींनो, त्या तंबोऱ्याशी माझे कधी जमलेच नाही. १९७९ साली मी लग्न होऊन या घरात आले. पहिल्याच पहाटे जाग आली ती तंबोऱ्याच्या आवाजाने. सासूबाई पाचला उठून तासभर बसत. चौकातला नळ येण्याआधीचा तो तास त्यांचा. आणि त्या तासात चहा, दूध, यांचा डबा, हे सारे माझे. कणीक मळता मळता मला वाटे, यांच्या वाट्याला सूर आणि माझ्या वाट्याला चूल! तोंडाने कधी बोलले नाही. पण पोळपाटावर लाटणे जरा जोरात आपटत असे, एवढे कबूल केले पाहिजे.

एकदा, लग्नाला पाच-सहा वर्षे झाली असतील, दुपारच्या निवांत वेळी त्या म्हणाल्या, "ये गं, बस जरा. नुसता तंबोरा धरून तर बघ."

"मला पोळ्या करायच्यात," मी म्हटले. दुपारी तीन वाजता कसल्या आल्यात पोळ्या! त्यांनाही ते कळले. पुन्हा त्यांनी कधी विचारले नाही.

सासूबाई लग्नाआधी विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकल्या होत्या. बुवांनी १९३२ साली सुरू केलेले हे विद्यालय आमच्याच पेठेत आहे. लग्नानंतर परीक्षा सुटल्या, पण गाणे सुटले नाही. माहेरच्या दोन पाटल्यांपैकी एक मोडून त्यांनी १९५४ साली मिरजेहून हा तंबोरा आणवला. मिरजेची तंतुवाद्ये का नावाजली गेली ते त्या रंगवून सांगत. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारे घडवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या आणि तलवारीचे घर सुरांचे घर झाले. भोपळा यायचा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. मोठा, कडू, खायला निरुपयोगी; पण वाळून खडखडीत झाला की त्यासारखा आवाज दुसऱ्या कशाला नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाचायला सासूबाई हव्या होत्या.

तर असा हा तंबोरा विकायचा ठरला. पण घेणार कोण? आता तंबोरा मोबाइलमध्ये वाजतो. ओळखीच्या दोन शिक्षिकांना विचारले, दोघी म्हणाल्या, "जुना आहे, सुंदर असेल, पण ठेवू कुठे?" म्हणजे आमचेच दुखणे त्यांनाही. शेवटी शेजारच्या वाड्यातल्या काकूंनी सुचवले. त्यांची भाची लंडनला असते आणि सुटीच्या दिवशी तिथल्या मराठी मुलींना गाणे शिकवते. तिला बायकी पट्टीचा जुना तंबोरा हवा होता. लंडनला मराठी माणसे काही आजची नाहीत. तिथले महाराष्ट्र मंडळसुद्धा १९३२ सालचे, आमच्या गांधर्व महाविद्यालयाच्याच वयाचे! पण तिथे जुना तंबोरा मिळणे कठीण. नवा मागवला तर लाकूड पिकायला वर्षे जायची. म्हणून ती जुन्याच्या शोधात होती.

हे ऐकून म्हणाले, "अगं, विलायतेहून पेट्या आल्या इकडे, आता इकडून तंबोरा जाऊ दे तिकडे. फिट्टंफाट!" गंमतीने म्हणाले, पण खरे आहे ते. हार्मोनियम हे मूळचे पॅरिसचे अपत्य. एकोणिसाव्या शतकात ती पायाने भाता मारायची पेटी इकडे आली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिची मांडी घालून वाजवायची हातपेटी केली, आणि आपल्या कीर्तन-नाटकांनी तिला घरचीच करून टाकली. अजूनही पुण्यात जुनी पेटी विकायची म्हटले की पहिला प्रश्न येतो, "सूर कुठले? पॅरिस की जर्मन?" म्हणजे दुसऱ्याच्या देशातले जुने वाद्य पारखून घेण्याची सवय आपल्याला आहेच. देण्याची मात्र मला नव्हती.

भाचीबाईंचा निरोप आला. भाषा नम्र, पण प्रश्न अगदी मुद्देसूद. तंबोरा कुठल्या पट्टीचा? घोडीवरची पट्टी कशाची आहे? भोपळ्याला किंवा दांडीला कधी तडा गेला होता का? आणि शेवटी, 'तंबोरा लावून एकदा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवाल का? हजारो मैलांवरून घ्यायचा, तर कानांनी तरी पाहून घेते.'

लावून! घरात कुणाला येतो लावता? यांना गाण्याचे वेड, पण ऐकण्यापुरते. चिरंजीवांना सगळी यंत्रे चालवता येतात, पण खुंटी कुठल्या बाजूला पिळायची ते ठाऊक नाही. तारा गंजलेल्या. नवा संच आणला. सासूबाई तारा बदलत तेव्हा दुसरे टोक धरायला मला बोलावीत, त्या आठवणीवर मी आणि यांनी मिळून एक दुपार घालवली. तारा चढल्या. चिरंजीवांनी मोबाइलवर काळी चार लावून दिली आणि म्हणाले, "आता कुणाला तरी बोलावू या लावायला."

मी सहज जोडीची तार छेडली. चढी होती. मला ते कळले! खुंटी थोडी उतरवली. अजून किंचित. मग मणी खाली सरकवला, तसा तो स्वर मोबाइलमधल्या स्वरात विरून गेला. दुसरी तार. मग खर्ज. मग पंचम. पंचमाला वेळ लागला, कारण सासूबाईंचा पंचम कसा असे ते माझ्या कानात पक्के होते आणि त्याहून कमीवर मन राजी होईना. शेवटी घोडीवर तारांखाली दोरा सरकवला. हे आमच्या घरात रोज पहाटे होई आणि मी कणकेच्या हातांनी दारातून पाहत असे. एका जागी दोरा आला आणि चारही तारा एकदम बोलू लागल्या. मधमाश्यांचे पोळे उठावे तसा आवाज माजघरभर झाला.

हे दारात उभे होते. म्हणाले, "तू कधी शिकलीस?"

मी तरी काय सांगणार? तीस वर्षे पोळ्या लाटताना शिकले!

ध्वनिमुद्रण गेले. तिकडून लगेच उत्तर आले, 'अप्रतिम. पंचवीस हजार रुपये देते, वाहतूक आणि तिकडचा कर माझा. फक्त बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे राहिलीत.'

ती राहिलीत हे मला ठाऊकच होते.

त्यांतल्या तड्याची गोष्ट अशी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि दुपारी नदीचे पाणी पेठांत शिरले. आमचा वाडा ओंकारेश्वराच्या अंगाला, उताराचा. सासूबाई दोन मुलांना घेऊन, नेसत्या लुगड्यानिशी धावत उंचावर गेल्या. हे तेव्हा आठ वर्षांचे होते; पाण्याचा तो आवाज त्यांना अजून आठवतो. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहतात तो माजघरात गुडघाभर गाळ, भिंती खचलेल्या, धान्याचा चिखल. आणि तंबोरा? तो वर आढ्याजवळ दोन तुळयांच्या मध्ये अडकलेला! खेडेगावात पोरे कमरेला सुका भोपळा बांधून पोहायला शिकतात ना, तसा तो भोपळ्याच्या जोरावर पाण्याबरोबर वर वर तरंगत गेला होता आणि पाणी उतरले तेव्हा तिथेच अडकून राहिला होता. भोपळ्याला वीतभर तडा, दांडीचा सांधा निखळलेला, पण होता.

घर सावरायला वर्ष गेले. मग सासूबाई एकट्या तो तंबोरा घेऊन छोट्या रुळांच्या गाडीने मिरजेला गेल्या. संसाराची भांडी अजून उसनी, आणि ही बाई तंबोरा दुरुस्त करायला निघाली, म्हणून त्यांना घरात पुष्कळ बोलणी बसली म्हणे. कारागिराने तडा साधला आणि विचारले, "वरून रंग देऊन टाकू? कळायचंही नाही." सासूबाई म्हणाल्या, "नको. सांधा दिसू दे. लपवलेला सांधा आधी उसवतो." त्या शिवणकामही उत्तम करीत, त्यातले हे शहाणपण. त्यामुळे भोपळ्याच्या मागच्या अंगाला ती गडद रेघ आजही दिसते. पण मागच्या अंगाला. छायाचित्रात तंबोरा पुढून घेतलेला होता.

"आई, फोटोत दिसत नाही आणि आवाजात ऐकू येत नाही," चिरंजीव म्हणाले. "साठ वर्षांत त्या सांध्याला काही झालं नाही. मग तो दोष कसा? सांगितलंस तर ती भाव पाडणार किंवा नकोच म्हणणार." त्याचे काही चुकीचे होते असे नाही. पंचवीस हजार आम्हांला नको होते असेही नाही. भाड्याच्या जागेची अनामत, सामानाची ने-आण, यांच्या डोळ्याचे ऑपरेशन, सगळे त्याच महिन्यात आले होते.

रात्री झोप येईना. मी विचार करीत होते, मंडईत आपण भाजी घेतो तेव्हा वांगे उलटून पाहतो, देठ पाहतो. बोहारणीला जुने लुगडे देतो तेव्हा तीही ते उजेडात धरते, विरलेले कुठे ते पाहते आणि मगच भांड्याला हात लावू देते. घासाघीस होते, पण दोघींचे डोळे उघडे असतात. इथे त्या मुलीला उलटून पाहता येत नव्हते. तिच्या वतीने पाहायला तिथे एकच माणूस हजर होते, आणि ते म्हणजे मी, विकणारी! म्हणजे तिचे डोळेसुद्धा मलाच व्हायला हवे होते. परमुलुखातला व्यवहार म्हणजे तरी दुसरे काय? कायदा, पावत्या, विमा हे सगळे नंतरचे. आधी तिने विचारायचे आणि मी खरे सांगायचे, एवढ्यावरच तो उभा.

सकाळी उठून मी तंबोरा उलटा केला, खिडकीशी नेला आणि त्या रेघेचेच छायाचित्र काढायला लावले. खाली सगळे लिहिले: पूर, तुळया, मिरज, सगळे. आणि शेवटी लिहिले, 'किमतीत जे कमी करायचे ते करा. नको असेल तरी राग नाही.'

दोन दिवस उत्तर नाही. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण न बोलणेही ऐकू येतेच ना! तिसऱ्या दिवशी निरोप आला. आधी तिने एकांकडून जुनी पेटी अशीच घरगुती व्यवहारात घेतली होती. 'सुस्थितीत' असे सांगून आलेल्या त्या पेटीचे चार सूर मुके होते आणि भात्याला आतून चिकटपट्टी लावलेली. 'तेव्हापासून तड्याचा प्रश्न मी सगळ्यांना विचारते,' तिने लिहिले होते. 'आजवर सगळ्यांनी नाही म्हटलं. हो म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. किंमत तीच राहू दे. आता घोडीचं तेवढं सांगा.'

घोडीचे प्रकरण मात्र वेगळेच निघाले. घोडीवरची पट्टी सांबरशिंगाची. सासूबाईंना तिचा अभिमान होता. त्या काळी उत्तम तंबोऱ्याला सांबरशिंग किंवा हस्तिदंत असायचेच. पण आपल्याकडे १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला, पुढे १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार पुरता बंद झाला आणि सांबरशिंग बाहेर पाठवायलाही मनाई आहे. बोटभर पट्टी असली म्हणून काय झाले, ती सीमेवर सापडली तर तंबोरा जप्त. ती विकणेच मुळी गुन्हा. काहींनी सल्ला दिला, "हाड म्हणून लिहा, कोण बघतंय!" पण एक रेघ कबूल केल्यावर दुसरी कशी लपवायची?

मिरजेचे एक कारागीर पुण्यात येतात, त्यांना गाठले. त्यांनी जुनी पट्टी हळुवार सोडवली आणि तिच्या जागी शिसवी लाकडाची बसवली. लाकडाचीही एक गंमत त्यांनी सांगितली. शिसवाच्या जातीची झाडे जगभर कमी होत चालली, म्हणून २०१७ च्या जानेवारीपासून त्या लाकडाच्या वस्तू परदेशी धाडायला परवान्यांची मोठी कटकट झाली होती. गिटार काय, सनई काय, सगळेच अडकले. मग २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. जवारी लावायला त्यांना अख्खी दुपार लागली. कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा कानस. मी तीनदा चहा केला. जुनी पट्टी वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिली. तिथल्या साहेबांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "एवढ्याशासाठी आलात?" मी म्हटले, "एवढ्याशासाठीच यावं लागतं."

तंबोरा १९५४ सालचा, हे एक बरे होते. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यामुळे देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजोबांच्या वेळची पेटी किंवा सतार घरात असेल तर हे ध्यानात ठेवायला हवे.

मग आली बांधाबांध. आमच्या सुताराने देवदारी फळ्यांची अशी भक्कम पेटी केली की तीत तंबोरा काय, मी सुद्धा विलायतेला गेले असते! कुरिअरच्या माणसाने ती पाहिली आणि हात झाडले. कच्च्या लाकडातून किडे परदेशी जातात, म्हणून अशी लाकडी पेटी आधी तापवून घ्यावी लागते आणि तिच्यावर तसा शिक्का लागतो. आमच्या पेटीवर शिक्का नाही. पाच हजारांची पेटी वाया! प्लायवूडला मात्र ती अट नाही. सुताराने कुरकुरत दुसरी केली. पहिलीत आता मी पाटा-वरवंटा ठेवला आहे.

तारा उतरवल्या नाहीत, फक्त सैल केल्या. भोपळ्याभोवती आधी जुनी सुती साडी, मग जाड फोम, तंबोरा पेटीत कुठेही हलणार नाही असा. सुका पेंढा अजिबात घातला नाही, कारण पुन्हा तोच किड्यांचा प्रश्न. जी साडी गुंडाळली ती सासूबाईंची जुनी नारायणपेठ होती. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली तेव्हा देऊन टाकावी असे मनात आले होते; मग वाटले, हिच्याइतकी त्या भोपळ्याची सवय दुसऱ्या कशाला असणार?

कागद भरताना पुन्हा मोह पुढे आला. कचेरीतला मुलगा म्हणाला, "काकू, 'भेट' लिहा आणि किंमत दोन हजार टाका. तिकडचा कर वाचेल." तिकडे वस्तूच्या किमतीवर, वर वाहतुकीच्या खर्चावरही वीस टक्के कर बसतो, म्हणजे वाचणारी रक्कम लहान नव्हती. भाचीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "खरी किंमत लिहा. वाटेत फुटला तर विमा दोन हजारांचाच मिळेल, आणि कागदावर दोन हजारांचा तंबोरा मला घरातही ठेवायला आवडणार नाही." पटले. पैशांचेही तिच्याशी ठरवले होते: अर्धे आधी, अर्धे तंबोरा हातात पडून, लावून पाहिल्यावर, सगळे बँकेतूनच. बँकेने विचारले, कसले पैसे? मी सांगितले, वापरलेल्या वाद्याचे.

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी वाडाही जवळजवळ रिकामा झाला होता. टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा. दोघा हमालांनी पेटी उचलली. उंबऱ्यावर मी नकळत हळद-कुंकू लावले. हे हसले नाहीत. त्यांच्या आईच्या पाटलीचा तंबोरा होता तो. मला आठवले ते ती दुपार आणि तिच्यातल्या त्या न केलेल्या पोळ्या. एकदा बसले असते तर काय बिघडले असते? पण असे हिशेब मागाहून मांडून जुळत नाहीत.

अठराव्या दिवशी लंडनहून फोन आला. तंबोरा सुखरूप पोचला होता. सांधा जसाच्या तसा. भाचीबाई म्हणाल्या, "साडी परत पाठवू का?" मी म्हटले, "राहू द्या. तिकडे हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी होते, लाकूड तडकतं. खोलीत पाण्याचं भांडं ठेवत जा आणि वरून ती पांघरत जा." दुसरा हप्ता त्याच आठवड्यात जमा झाला. यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले.

एखादीवर अशी वेळ आली तर तिच्यासाठी माझे अनुभवाचे बोल एवढेच, मैत्रिणींनो. वाद्य पुसूनपासून आधी स्वतः सगळ्या बाजूंनी पाहा आणि जे दिसेल ते सगळे लिहा. दोषांची छायाचित्रे वेगळी पाठवा. शिंग, हस्तिदंत, कातडे काही आहे का, वय किती, हे घरातच विचारून घ्या. सीमेवर विचारले जाण्याची वाट पाहू नका. पेटीचे लाकूड कसले ते सुताराला सांगण्याआधी कुरिअरवाल्याला विचारा. किंमत खरी लिहा. आणि घेणारी व्यक्ती प्रश्न विचारीत असेल तर त्रासून जाऊ नका. जी प्रश्न विचारते ती वस्तू सांभाळते.

आता आम्ही भाड्याच्या खोल्यांत आहोत. पहाटे पाचला मला जाग येते, ती सवय काही जात नाही. दर रविवारी भाचीबाई शिकवणीचा एक तुकडा मोबाइलवर पाठवतात. सात-आठ मुली, त्यांचे ते इंग्रजी वळणाचे मराठी, आणि मागे आमचा तंबोरा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोळे भरून आले, हे खरे. दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा जरा खटकले. तिसऱ्यांदा राहवले नाही. शेवटी शनिवार पेठेतली बाई मी! मी निरोप धाडला, 'सगळं छान आहे. फक्त पंचम किंचित उतरलाय.'

पुढच्या रविवारी पंचम जागेवर होता. खाली तिने लिहिले होते, 'आता?'

तेव्हापासून दर रविवारी मुली बसण्याआधी तिचा फोन येतो. ती तार छेडते, मी इथे ओट्याशी पोळ्या लाटत ऐकते आणि सांगते, "अजून थोडा... थोडा... हां, बस."